अर्ध्या फाईलचे पूर्ण नाव

मराठीच्या प्राध्यापिकेने संगणकाच्या बिघाडावर लिहावे, हा तसा अधिकाराबाहेरचा उद्योग. तरीही लिहिते आहे. कारण त्या बिघाडाचा माग काढताना जे हाती लागले ते माझ्याच विषयातले होते, आणि ते फारसे सुखावणारे नव्हते.

आमच्या सरांचे लेख एका जुन्या नियतकालिकात विखुरलेले होते. सर गेल्यावर काकूंनी त्यांची बांधीव फाईल माझ्या स्वाधीन केली. खिळ्यांची छपाई, पिवळा पडलेला कागद, मधूनमधून वाळवीने खाल्लेल्या जागा. बहुतेक लेख महानुभाव गद्यावरचे, त्यातही ‘लीळाचरित्रा’वरचे. पहिले पाच लेख मी स्वतः टाईप केले आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना वाटलेही. उरलेले चाळीसएक लेख टाईप करण्याचे त्राण नव्हते. तेव्हा छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारा टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्राम वापरायचे ठरवले. त्याला मराठी वाचता येते. माझ्या जुन्या मॅकवर तो ‘मॅकपोर्ट्स’मार्फत घ्यायचा होता.

मॅकपोर्ट्स ही २००२ साली डार्विनपोर्ट्स या नावाने सुरू झालेली व्यवस्था. तिच्यात प्रत्येक प्रोग्रामची एक ‘पोर्टफाईल’ असते. मूळ सोर्स कोठून आणायचा, आणलेला सोर्स अस्सल आहे हे कसे ताडायचे आणि त्यातून प्रोग्राम कसा बांधायचा, हे सारे तीत लिहिलेले असते. बांधून तयार असलेली प्रत मिळाली तर ती येते, नाहीतर सोर्स उतरवून आपल्याच यंत्रावर बांधणी होते. टेसरॅक्टला लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते, लेप्टोनिकाला आणखी काही. एका ग्रंथापायी दहा संदर्भग्रंथ धुंडाळावे लागतात, तसेच हे.

त्यांतल्याच एका लायब्ररीचा सोर्स उतरता उतरता अडकला. टक्केवारीचा आकडा जागच्या जागी थिजला. चूक झाली असे यंत्र म्हणेना, काम झाले असेही म्हणेना. मी आज्ञा थांबवून पुन्हा दिली, पुन्हा तेच. आमच्या महाविद्यालयाच्या इंटरनेटला मनातल्या मनात यथेच्छ बोल लावले. मग स्वतःची हुशारी चालवली. तीच फाईल ब्राउझरने उतरवायला घेतली. तीही रेंगाळली, आणि तिच्या नावाला ‘पार्ट’ असे शेपूट दिसत होते. तास संपल्याची घंटा झाली होती. फाईल आली असावी असे समजून मी ती उचलली, शेपूट माझ्या हाताने पुसले आणि मॅकपोर्ट्स जिथे उतरवलेले सोर्स ठेवते त्या फोल्डरात ती नेऊन ठेवली.

आता उतरवणे अडेना. पण पुढच्याच पायरीवर ‘चेकसम जुळत नाही’ असा संदेश येऊन काम थांबू लागले. रात्री पुण्याला पुतण्याला फोन केला.

“आत्या, फाईल तू हाताने ठेवलीस का?”

“हो. नाव बरोबर आहे.”

“नाव बरोबर आहे हाच घोटाळा आहे. त्या नावाची फाईल दिसली की ते पुन्हा उतरवायला जातच नाही. आधी ती काढून टाक.”

त्यासाठी ‘पोर्ट क्लीन’ या आज्ञेला ‘डिस्ट’ हा पर्याय जोडायचा असतो. मग त्याने मला एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावली. प्रथम आज्ञेला ‘व्ही’ जोडून यंत्राला बोलके केले. त्यामुळे फाईल कोणत्या सर्व्हरवरून येते आहे ते दिसले. एकाच सोर्सच्या प्रती जगभरच्या अनेक ‘मिरर’ सर्व्हरांवर असतात. मॅकपोर्ट्स त्यांना हाक मारून पाहते आणि जो लवकर ‘ओ’ देतो त्याच्याकडे आधी जाते. लवकर ‘ओ’ देणारा सगळे सामान नीट देईलच असे नाही, हे आपण व्यवहारात जाणतो; यंत्र जाणत नाही. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात त्याच सर्व्हरवर फाईल अडली. तिथेच मोबाईलचे इंटरनेट जोडून पाहिले, तरी त्याच सर्व्हरवर अडली. म्हणजे दोष महाविद्यालयाचा नव्हता. माझे बोल फुकट गेले होते. शेवटी ‘मॅकपोर्ट्स.कॉन्फ’ या फाईलमधल्या ‘होस्ट_ब्लॅकलिस्ट’ या ओळीत त्या सर्व्हरचे नाव लिहिले. व्यवस्था दुसऱ्या मिररकडे वळली आणि दोन मिनिटांत फाईल आली. चेकसम जुळला.

हा चेकसम मला फार विचारात पाडून गेला. आज प्रचारात असलेला एसएचए-२५६ हा फाईल लहान असो वा मोठी, तिचे ६४ चिन्हांत सार काढतो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की सार पार बदलते. त्यामुळे फाईल कोणत्या दारातून आली याला महत्त्व उरत नाही. संहितासंपादकाला हे भाग्य कुठले? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि मूळ ग्रंथाचे काम १९६६ साली पुरे झाले. इतकी वर्षे पोथ्यांशी पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या, कारण मूळ कसे होते ते सांगणारा आकडा कुणी लिहून ठेवलेला नव्हता. आपल्याकडे तो आकडा नसतो. म्हणून प्रामाणिकपणा लागतो.

आणि इथेच मला ते पाच लेख आठवले. वाळवीने खाल्लेल्या जागी मी काय केले होते? सरांची व्याख्याने मी दोन वर्षे ऐकली होती, त्यांची शैली अंगवळणी पडली होती. गाळलेल्या ओळी मी आठवणीने भरल्या. कंस नाही, टीप नाही. वर सरांचे नाव. अपुऱ्या फाईलचे शेपूट पुसून तिला पूर्ण फाईलचे नाव देण्याचा उद्योग मी यंत्रावर एकदा केला, तो त्याने एका क्षणात पकडला. कागदावर तोच पाच वेळा केला, तेव्हा पकडणारे कुणी नव्हते.

आठवणीतून संहिता उभी करणे हा काही अपराध नव्हे. ‘लीळाचरित्र’ मूळ रूपात परचक्राच्या धामधुमीत हरवले आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. परंतु त्या परंपरेने स्मरणारी माणसेही स्मरणात ठेवली. हिराइसेचा पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ती शिकवताना पाठभेदांचे महत्त्व मी दर वर्षी वर्गात सांगते. सांगते, हे खरे.

फाईल काढून पुन्हा बसले. भरलेली प्रत्येक जागा चौकटी कंसात घातली. अशा सतरा जागा निघाल्या. दोन ठिकाणी, आता मोकळेपणाने पाहता, सर असे म्हणाले असतील याची मलाच खात्री वाटेना. तिथे रिकामी जागा सोडली. नव्या प्रती विद्यार्थ्यांना पाठवल्या. दोन दिवसांनी एकाचा फोन आला. त्याच्या प्रबंधिकेच्या दुसऱ्या प्रकरणाचा सारा डोलारा सरांच्या एका वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य आता कंसात होते.

“मॅडम, मग हे वाक्य कोणाच्या नावावर टाकू?”

उत्तर द्यायला मला अंमळ वेळ लागला.

“माझ्या नावावर टाक,” मी म्हणाले, “आणि पुढे ‘आठवणीतून’ असे लिही.”