उतरवलेले बरे

पाचूबंदर, २२ मे
संध्याकाळच्या शिकवणीत आज इंग्रजीतून सल्ला देणं घेतलं. फळ्यावर 'शुड', 'हॅड बेटर', 'मस्ट' लिहिलं. मुलांनी तिन्हींपुढे 'पाहिजे' एवढंच लिहिलं. एकीने विचारलं, "टीचर, 'हॅड' भूतकाळातलं, मग सल्ला उद्याचा कसा?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

२४ मे
उत्तर आज बोंबील वाळवायच्या वलांडीपाशी मिळालं. आभाळ भरून आलं तशी शेजारची आजी सुनेला म्हणाली, "बोंबील उतरवलेले बरे." 'उतरवलेले' रूप झालेल्या कामाचं, काम मात्र अजून व्हायचंय. 'हॅड बेटर'चंही असंच. त्यात 'नाहीतर भिजतील' ही भीती न बोलता येते. 'शुड'मध्ये ती नसते. शिकवणीत हेच उदाहरण दिलं.

२७ मे
हवामान खात्याचा इशारा : मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. 'नये' म्हणजे 'शुड नॉट', हे मुलांना लगेच पटलं. घोळ झाला तो 'नको'चा. 'उद्या जायला नको' याचं एका मुलाने 'यू डोन्ट हॅव टु गो' केलं. म्हणजे गरज नाही, वाटलं तर जा. वादळाच्या दिवशी हे वाक्य घातक. तिथे 'मस्ट नॉट'च हवं. मराठीत 'नको' दोन्हीकडे चालतो. अर्थ आवाजावरून कळतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून इंग्रजीत शब्द पारखून घ्यावा लागतो.

१ जून
आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. हा माशांच्या विणीचा काळ, त्यात खवळलेला दर्या. बंदी सल्ला नव्हे, कायदा. मुलांनी न सांगताच 'मस्ट नॉट' लिहिलं.

३ जून
तांडेल असलेले एक वडील मुलाला न्यायला आले. मुलगा यंदा दहावीला. दारातच म्हणाले, "पुढे शिकावंस, असं वाटतं मला." बोटीवर हुकूम सोडणारा हा माणूस, 'शिकलंच पाहिजे' म्हणाला असता तरी चाललं असतं. मुलाने वही उघडली, बापाचं वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि मला दाखवलं. 'मस्ट' खोडून त्याने 'शुड' केलं होतं.
मी लाल पेनाने बरोबरची खूण केली.