परतीची परवानगी

परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाला गावी यायचे झाल्यास तिकिटाआधी आणखी एक कागद मिळवावा लागतो, हे घरच्या मंडळींना सहसा ठाऊक नसते. पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, नोकरी आहे. मग चार दिवस येऊन जायला अडचण कसली, असे त्यांना वाटते. पण पुष्कळ देशांत नोकरीचा व्हिसा एकदा आत येण्यापुरताच असतो. परत यायचे असेल तर निघण्यापूर्वीच तशी परवानगी घ्यावी लागते. सौदी अरेबियात तिला ‘खुरूज व औदा’ म्हणतात. म्हणजे बाहेर जाणे आणि परत येणे. ‘खुरूज निहाई’ हा शिक्का निराळा. तो कायमच्या निरोपाचा.

माझ्या नोकरीतील काही वर्षे रियाधच्या भारतीय दूतावासात, कामगारांच्या तक्रारी ऐकण्याच्या विभागात गेली. सौदी अरेबियात आज २० लाखांहून अधिक भारतीय आहेत, आणि त्यांत आपल्या रत्नागिरी-रायगडकडची माणसेही पुष्कळ. पगार थकल्याची तक्रार सर्वांत जास्त येत असे. पण मनाला लागून राहत त्या या परतीच्या कागदाच्या तक्रारी.

२००६ सालची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातील एक गवंडी एका बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे आला. वडील वारल्याचा फोन दुपारी आला होता. पासपोर्ट मालकाकडे. अर्जही मालकानेच करायचा, तोही पासपोर्ट खात्याच्या कचेरीत. त्या काळी तेथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. २०१३ च्या जूनअखेरीस ती शुक्रवार-शनिवार झाली. म्हणजे शनिवारपर्यंत काहीच हलणार नव्हते. मी मालकाच्या माणसाला फोन केला. तो उद्धट नव्हता. त्याने शांतपणे सांगितले की काम अर्धवट आहे. कायमचे जायचे असेल तर कागद लगेच करू, परत यायचे असेल तर महिनाभर थांबावे लागेल.

गवंडी खुर्चीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, “साहेब, मयत तर आज रात्रीच होईल, ती काय मला मिळत नाही. पण आई एकटी आहे. आणि कायमचा गेलो तर एजंटाचं कर्ज कोण फेडणार?”

त्याच्या या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला होता. शनिवारी-रविवारी फोनाफोनी, एक पत्र, मालकाच्या कचेरीत एक फेरी, असे करून सोमवारी त्याला तीस दिवसांची परवानगी मिळाली. तो मंगळवारी घरी पोहोचला. वडिलांना माती देऊन सहा दिवस झाले होते. आमच्या वहीत ‘प्रकरण निकाली’ अशी नोंद झाली.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेरावे कलम सांगते की प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे. काळजीपूर्वक वाचले तर त्यात एक पोकळी दिसते. स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे; जेथे आपली भाकरी आहे त्या देशात परतण्याचा नाही. गवंड्याला जाण्यापासून कोणी अडवले नव्हते. जाण्याची किंमत फक्त नोकरीइतकी ठरवली होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आल्बर्ट हर्शमन आठवतो. १९७० च्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात त्याने मांडले की असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाण्याची शक्यता खरी असेल तर आवाजालाही वजन येते. परतीचा कागद मालकाच्या मुठीत असला की दोन्ही वाटा एकदम बंद होतात. जो वर्षातून एकदा रजेसाठी मालकाच्या सहीवर अवलंबून आहे, तो अकरा महिने थकलेल्या पगाराबद्दल बोलत नाही. कागद प्रवासाचा असतो. त्याचा परिणाम मात्र मजुरीवर होतो.

राज्याची आणि मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. कोण आत आहे, कोण बाहेर, याची नोंद राज्याला हवीच. मालकाने भरतीवर खर्च केलेला असतो. माणूस परतलाच नाही तर नुकसान त्याचे. ही भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय करार, शुल्क आणि मुदत हे आहेत, एका माणसाची मर्जी हा नव्हे. सौदी सरकारलाही हे पटले असावे. १४ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेने खाजगी क्षेत्रातील कामगाराला मालकाच्या संमतीवाचून, ‘अब्शर’ या सरकारी संगणक-सेवेवरून ही परवानगी काढता येऊ लागली. मालकाला केवळ सूचना जाते. मात्र घरकामगार, घरगुती वाहनचालक, माळी, मेंढपाळ आणि शेतमजूर यांना त्या सुधारणेतून वगळण्यात आले. ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण, त्यांनाच सही शोधावी लागली.

इतर देशांचे दाखलेही बोलके आहेत. जपानने जुलै २०१२ मध्ये नियम सोपा केला: वैध निवासपत्र असेल आणि वर्षाच्या आत परतणार असाल तर विमानतळावरील कार्डावर तशी खूण करणे पुरे. आणि आपण? २००९ च्या अखेरीस आपण पर्यटक व्हिसावर एकदा बाहेर पडलेल्या परदेशी माणसाला दोन महिने परत येऊ द्यायचे नाही, असा नियम केला. २०१२ मध्ये बहुतेकांसाठी तो मागे घ्यावा लागला. आम्हा सरकारी नोकरांनाही खाजगी परदेश प्रवासाआधी खात्याची परवानगी लागते. म्हणून सहीसाठी थांबणे म्हणजे काय, हे टेबलाच्या या बाजूला बसलेल्यांनी अगदीच न जाणण्यासारखे नाही.

आखातातील वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट काढण्यापूर्वी इकामा आणि पासपोर्ट यांची मुदत पाहा. वाहतुकीचे दंड थकले असतील तर आधी भरा. त्यांमुळे परवानगी अडते. परवानगीचा काळ दिवसांत दिला आहे की ‘अमुक तारखेपूर्वी परत’ असा, हे नीट वाचा. पहिला निघाल्या दिवसापासून मोजतात, दुसऱ्यात ती तारीख पक्की असते. परवानगीची छापील प्रत घरच्यांकडेही ठेवा. आणि आई-वडील थकले असतील तर परवडल्यास अनेक फेऱ्यांची परवानगी आधीच काढून ठेवा. एका फेरीच्या परवानगीला दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल आणि अनेक फेऱ्यांच्या परवानगीला तीन महिन्यांसाठी ५०० रियाल असे शुल्क २०१६ मध्ये ठरले. निघण्याआधी चालू दर पाहून घ्या.

प्रशासनात आम्ही अर्ज ‘निकाली काढला’ असे म्हणतो. परतीच्या परवानगीच्या बाबतीत कागद मिळाला की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो किती दिवसांत मिळाला हेही पाहावे लागते. बुधवारी मागितलेला कागद सोमवारी देणारी व्यवस्था नियमाने बरोबर असेलही; पण मृत्यू सुट्टीचे वार पाहून येत नाही.