कर्कवृत्तावरील वसंत

चैत्र लागला कीं उज्जयिनीकडील ऊन कसें तापूं लागतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. त्या नगरीच्या किंचित् उत्तरेकडून जाणारें कर्कवृत्त नकाशावर पूर्वेकडे नेत राहावें, म्हणजे तें तैवान बेटास छेदून जातें. परंतु तेथील चैत्र निराळा. सभोंवार समुद्र, मध्यें डोंगरांची उंच रांग. त्यामुळें सकाळीं भुरभुर पाऊस, दुपारीं कोवळें ऊन, आणि डोंगर चढूं लागावें तों अंगावर शाल हवीशी होते. च्याई शहराजवळ या वृत्ताची खूण म्हणून १९०८ सालीं पहिला स्तंभ उभारण्यांत आला. शाळेंत भूगोल शिकवितांना हें वृत्त मीं वर्षानुवर्षें फळ्यावर खडूनें काढलें. त्यावर प्रत्यक्ष उभें राहण्याचा योग, चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असल्यामुळें, साठी उलटल्यावर आला.

प्रथम राजधानी तैपेईच्या उत्तरेकडील यांगमिंगशान. हा सारा ज्वालामुखींचा मुलूख. कांहीं ठिकाणीं आजही जमिनीच्या भेगांतून गंधकाची वाफ फुसफुसत असते. त्याच डोंगरांच्या कुशींत जूत्झहू, म्हणजे 'बांबूचें सरोवर', या नांवाचें खोरें आहे. सरोवर केव्हांच नाहींसें झालें. मार्च-एप्रिलांत तेथील पाणथळ वाफ्यांतून पांढऱ्या कॅला लिलीचा बहर असतो. शेतकऱ्यास कांहीं पैसे द्यावे, रबरी बूट चढवावे, आणि चिखलांत उतरून आपलीं फुलें आपण तोडावीं. हें फूल अळवाच्या कुळांतलें, असें मीं सांगतांच सौभाग्यवतींनीं पानें निरखून विचारलें, "मग वड्या होतील का हो यांच्या?" (होत नाहींत, तीं खाण्यास विषारी असतात.)

पूर्व किनाऱ्याजवळील तारोको ही संगमरवरी खडकांतली प्रचंड घळ पाहण्याची फार इच्छा होती. परंतु ३ एप्रिल २०२४ च्या भूकंपांत तेथील कडे ढांसळून बहुतेक पाऊलवाटा बंद झाल्या. कोणती वाट खुली आहे याची चौकशी केल्यावांचून तिकडे जाऊं नये. आम्हीं तो बेत सोडला आणि आलीशानची वाट धरली.

च्याईहून आलीशानला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीणच. सुमारें ७१ किलोमीटरांत ती जवळजवळ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंच चढते. वाटेंत एका टेकडीस वेढ्यावर वेढे घालीत ती वर येते, आणि पुढें तर कधीं पुढें, कधीं मागें, असे हेलकावे घेत डोंगर चढते. खिडकीबाहेर आरंभीं केळी आणि सुपारी, मग बांबू आणि चहाचे मळे, शेवटीं धुक्यांत उभे सुरूसारखे उंच सूचिपर्णी वृक्ष. जणूं एका दिवसांत कोंकणांतून हिमालयांत. २००९ च्या वादळानें हा मार्ग तुटला होता. तो पुनः शेवटपर्यंत सुरू व्हावयास जुलै २०२४ उजाडावा लागला.

वर मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चेरीचा बहर असतो. फांदीवर पान म्हणून नाहीं, नुसतें फिकट गुलाबी फूल. वारा आला कीं रुळांवर पाकळ्यांचा सडा पडतो. हे वृक्ष जपानी अंमलांत (१८९५ ते १९४५) लावले गेले. आणि येथेंच माझें मन जरा अडखळलें. कारण ही गाडी १९१२ सालीं सुरू झाली ती प्रवाशांसाठीं नव्हे, तर लांकडासाठीं. हजार-दोन हजार वर्षांचे सुगंधी वृक्ष तोडून तिनें खालीं नेले. हें रान तेथील त्सोऊ जमातीचें. त्यांस कोणीं विचारलें नाहीं.

जे थोडे महावृक्ष उरले त्यांच्यामधून लांकडी पायवाट जाते. तीन हजार वर्षांचा म्हणून पूजिला जाणारा 'देववृक्ष' १९५६ सालीं विजेनें जळला, १९९७ च्या पावसांत दुभंगला, आणि पुढल्या वर्षीं माणसांनींच तो जपून आडवा केला. अद्याप तो तेथेंच पडून आहे. जवळच एक दगडी स्तंभ आहे. तोडलेल्या वृक्षांच्या आत्म्यांस शांति मिळावी म्हणून जपान्यांनीं तो १९३५ सालीं उभारला.

मला हसूं आलें. मी म्हटलें, "अवंतीच्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं लांकूड तोडण्यापूर्वीं वृक्षाची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतांस अन्यत्र जाण्याची विनवणी करावी, असें सांगितलें आहे. यांनीं सारें रान तोडून मग विनवणी केली!"

सौभाग्यवतींनीं स्तंभास हात जोडले. "उशिरां कां होईना, केली ना? आपल्या परसांतल्या फणसाची कोणीं केली हो?"

मी कांहीं बोललों नाहीं. भावाभावांच्या वाटणीची भिंत सरळ जावी म्हणून तो फणस तोडण्याचा आग्रह माझाच होता. सासूबाईंनीं लावलेलें झाड. त्या दिवशीं ही जेवली नव्हती. त्याच्या फळीचा झोपाळा आमच्या ओसरीवर आहे. हा लेख मी त्यावरच बसून लिहीत आहें.