तीन पाय आणि एक डोकं

कॅमेऱ्यावर लोक भरभरून लिहितात. लेन्सवर तर प्रेमपत्रं लिहितात. ट्रायपॉडच्या वाट्याला मात्र फारसं काही येत नाही. तो म्हणजे ‘स्टँड’. लग्नाच्या हॉलमध्ये पोरं ज्याला अडखळतात तो. सगळं बजेट संपल्यावर उरलेल्या पैशांत जो मिळेल तो. गेल्या वर्षी मी मात्र दोन महिने फक्त ट्रायपॉड शोधत होते, आणि त्याला कारण होतं.

माझा मामा सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करतो. तीस-पस्तीस वर्षं झाली. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्री नाटक, दिवसा प्रवास आणि मिळेल तेवढी झोप, असं पावसापर्यंत चालतं. आता त्याचे गुडघे कुरकुरायला लागलेत. ‘हा शेवटचा सीझन’ असं तो दर वर्षी म्हणतो. गेल्या वर्षी आम्हाला ते पहिल्यांदा खरं वाटलं. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यानाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कोण कधी येणार हे ठरलेलं असतं, पण संवाद नट जागच्या जागी रचतो. म्हणजे मामा थांबला की त्याची तारामतीही थांबणार. ती कुठल्याच कागदावर नाही.

मला त्याची तीन-चार नाटकं पूर्ण रेकॉर्ड करायची होती. शिवाय रंगपटात आरशासमोर बसून तो हळूहळू बाई होत जातो, तेव्हाचे फोटोही हवे होते. म्हणजे व्हिडिओ आणि फोटो, दोन्ही. पैसे एकाच ट्रायपॉडपुरते. आणि तो एसटीतून, खांद्यावरून न्यायचा.

इथेच पहिला पेच येतो. ट्रायपॉडचे पाय आणि डोकं या दोन वेगळ्या वस्तू असतात. फोटोवाल्यांना सहसा बॉल हेड आवडतं. एक खटका सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो, घट्ट केला की तिथेच थांबतो. झटपट काम. पण चालू व्हिडिओत त्यावर कॅमेरा फिरवून बघा. सैल केल्यावर तो सगळ्याच बाजूंना लवंडतो. व्हिडिओला लागतं फ्लुइड हेड. ते दोनच दिशांना हलतं, आडवं आणि वर-खाली, पण ते हलणं बघण्यासारखं असतं.

कारण साधं आहे. कोरड्या घर्षणात वस्तू सुरू करायला जास्त जोर लागतो आणि ती चालू राहायला कमी. जड कपाट सरकवताना येतो ना तो पहिला हिसका, तोच व्हिडिओत दिसतो. फ्लुइड हेडच्या आत घट्ट ग्रीससारख्या द्रवाचा थर असतो. काकवीत पळी फिरवल्यासारखं समजा. हळू फिरवली तर सहज फिरते, झटका दिला तर काकवीच अडवते. हाताची थरथर, दचकणं, सगळं तो थर गिळून टाकतो. ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी १९४० च्या दशकात अशा हेडचं पेटंट घेतलं, आणि आजही तत्त्व तेच आहे.

सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना स्टँडवाचून गतीच नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला तो हातानं दांडी फिरवून चालवायचा. एक हात कायम दांडीवर म्हटल्यावर कॅमेरा कुठेतरी ठेवणं भागच. त्याच कॅमेऱ्यानं त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, थोडी थोडी, कित्येक दिवस. त्यात कॅमेरा बोटभर जरी सरकला असता तरी ते रोप पडद्यावर वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यातली तारामतीही पुरुषानेच केली, अण्णा साळुंके यांनी. हे मामाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला.

आता दुकानाकडे येऊ. बहुतेक दुकानांत पहिलं वाक्य ऐकू येतं, “दहा किलो पेलतो मॅडम.” पेलणं आणि तोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेलणं म्हणजे मोडत नाही. तोलणं म्हणजे कॅमेरा पुढे झुकवून हात सोडला तरी तो तिथेच थांबतो, नाक खाली पाडत नाही. यासाठी चांगल्या हेडमध्ये स्प्रिंग असते, तिला काउंटरबॅलन्स म्हणतात. ती ठरावीक वजनासाठी बनवलेली असते. म्हणून आधी आपलं सामान किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. माझा कॅमेरा, लेन्स, माइक मिळून दोन किलोच्या आसपास भरलं.

फोनवर शूट करणाऱ्यांनी तर हे नक्कीच बघावं. फोन असतो दोनेकशे ग्रॅमचा. मोठ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या हेडवर तो लावला तर स्प्रिंगच जिंकते आणि फोन आकाशाकडे बघायला लागतो. काउंटरबॅलन्स शून्यावर आणता येईल असं हेड घ्या, किंवा सरळ हलकं हेड घ्या. महाग म्हणजे आपल्या कामाचं असं नसतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक हेडवर ‘फ्लुइड’ लिहिलेलं असतं म्हणून आत द्रव असतोच असं नाही. स्वस्तातल्या कित्येक हेडमध्ये नुसतं घर्षण आणि थोडं वंगण असतं. ओळखायला मी पर्समध्ये एक रबरबँड ठेवला होता. हेडच्या दांड्याला तो अडकवायचा आणि रबरानंच दांडा हळू ओढायचा. हेड खरंच गुळगुळीत असेल तर रबर एकसारखा ताणलेला राहतो. नसेल तर आधी ताणत जातो आणि मग हेड हिसक्यानं सुटतं. मग ओढणं थांबवून बघायचं, कॅमेरा थांबला तिथेच राहतो की जरा मागे येतो? मागे येत असेल तर प्रत्येक शॉटच्या शेवटी तसाच येणार. दुकानदार माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता, पण चौथ्या हेडनंतर तोही मान पुढे करून बघायला लागला.

तिसरी गोष्ट, पातळी. फ्लुइड हेड खालूनच तिरकं बसलं असेल तर कॅमेरा फिरवताना क्षितिज कलंडत जातं. देवळासमोरचं अंगण कधी सपाट असतं का? प्रत्येक वेळी तीन पाय खाली-वर करत बसायचं, की पायांच्या माथ्यावर वाटी असलेला ट्रायपॉड घ्यायचा? या वाटीत हेड अर्धगोलावर बसतं. खालची मूठ सैल करायची, पाण्याचा बुडबुडा मधे आणायचा, मूठ आवळायची. दहा सेकंदांचं काम. मधला दांडा उंच करून वेळ मारून नेता येते, पण दांडा जितका वर तितका कॅमेरा डुलणार.

राहिले फोटो. फ्लुइड हेड बाजूला कलत नाही, म्हणजे कॅमेरा उभा कसा करणार? यावर उपाय आहे इंग्रजी एलच्या आकाराची पट्टी. ती कॅमेऱ्याला लावली की कॅमेरा काढून नव्वद अंशांत फिरवून परत बसवता येतो. मात्र पट्टी आणि हेडची खाच एकाच मापाची हवी. फोटोवाल्यांत आर्का-स्विस हे माप चालतं, व्हिडिओ हेडच्या सरकत्या प्लेटा वेगळ्या असतात. दुकानात दोन्ही एकमेकांत बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि खटका आवळल्यावर फ्रेम केसभर खाली येते का तेही बघा. दीपमाळेचा दहा सेकंदांचा फोटो घेताना ते कळतंच.

कार्बन फायबरचे पाय हलके असतात, मला मोह झालाही. शेवटी पैसे डोक्यात घातले आणि पाय अॅल्युमिनियमचे घेतले. सगळं मिळून चार किलोच्या आत बसलं. पायांना फिरवायच्या लॉकऐवजी उघडमीट करायचे खटके निवडले, कारण अंधारात ते उघडे आहेत की बंद हे बोटांना कळतं. आणि वाळूत, खाऱ्या हवेत काम झालं की पाय गोड्या पाण्यानं धुऊन पुसायचे. कोकणात एवढं केलं नाही तर खटके लवकरच गंजतात.

पहिल्या जत्रेत मी तो खांद्यावरून उतरवला तेव्हा मामा अर्धा रंगलेला होता. “काय गो, बंदूक हाडलंस की काय?” एवढंच म्हणाला आणि परत भुवई रेखायला लागला.

नाटक मध्यरात्रीनंतर सुरू झालं ते उजाडेपर्यंत चाललं. सुरुवातीला मी प्रत्येक हालचालीमागे कॅमेरा फिरवत होते. युद्धाच्या वेळी नट गिरक्या घेतात तेव्हा ते ठीकच होतं. एरवी जुना ठोकताळा आठवायचा. फ्रेमच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोहोचायला सातेक सेकंद द्यायचे, नाहीतर चित्र फडफडतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशनही बंद ठेवलं, कारण पॅन थांबवला तरी ते चित्र जरा ओढत राहतं. तिसऱ्या तासाला हात आपोआप हळू झाला.

त्या सीझनमध्ये चार आख्यानं पूर्ण रेकॉर्ड झाली. चौथ्यात एक जागा आहे. तारामती बाकड्यावर बसते आणि बोलत नाही. पायपेटीवाला सूर धरून थांबतो. प्रेक्षकांतलं एक पोर रडतं आणि गप्प होतं. मामा मांडीवरचा पदर नुसता सारखा करत राहतो. जवळजवळ मिनिटभर. तेवढा वेळ माझा हात दांड्यावर होता आणि मी काहीच केलं नाही. हातात फोन धरून मी इतका वेळ गप्प राहिले नसते. हात अवघडतो, मग माणूस झूम करतो, कोन बदलतो.

यंदा मामा घरी आहे. गुडघ्यांवर उपचार चालू आहेत. परवा कंपनीतला एक नवा मुलगा, वय वीस-बावीस, त्याच्याकडे आला होता. त्याला तारामती करायची आहे. मामानं मला फोन करून सांगितलं, “तो चौथो व्हिडिओ पाठव गो. ती गप बसता ता दाखवूचा आसा.”