हात काढ

रबरावर उडणारे विमान एकदा हातातून सुटले की ते उडवणाऱ्याचे राहत नाही. बाल्साच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला पातळ कागद आणि पोटात नाकापासून शेपटीपर्यंत पीळ भरलेले रबर, एवढाच त्याचा संसार. कोणत्या बाजूला वळायचे, कसे उतरायचे, हे सारे निर्णय सोडण्यापूर्वीच घेतलेले असतात. मग आपण फक्त मागे धावायचे.

दादाचे असे एक विमान माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या हातांना कंप सुटला होता आणि माझे गुडघे धावण्याच्या पलीकडे गेले होते. मिरजेजवळच्या ज्या माळावर आम्ही ते उडवत असू, त्याच्या तीन बाजूंना घरे उभी राहिली होती. विजेची मोटर आणि रेडिओ बसवला तर विमान आवाक्यात राहील, असे मी सुचवले. दादा एवढेच म्हणाला, "उडवायचंय की हाकायचंय?" पण त्याने नकारही दिला नाही.

काम वाटले तितके सोपे नव्हते. रबराचे वजन पोटभर पसरलेले असते. मोटर, लिथियम-पॉलिमरचा एकच सेल, रिसीव्हर आणि दोन सर्व्हो यांचे वजन मात्र जिथे ठेवाल तिथेच बसते. तोल साधेपर्यंत सेल मागेपुढे सरकवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मोठा, संथ फिरणारा पंखा जाऊन छोटा, वेगवान पंखा आला. विमानाचे दोन्ही पंख टोकांकडे चांगलेच वर उचललेले असल्याने वळण्यासाठी शेपटीचे सुकाणू पुरेसे होते. मात्र ते सुकाणू आणि नाक वर-खाली करणारी पट्टी हलती करायची, तर शेपटी कापावी लागणार होती. पाते टेकवताना हात अडखळला. दुसऱ्याच्या हस्तलिखितात खाडाखोड करावी तसे वाटले. शेपटीचा आडवा पंख उजवीकडे किंचित उंच बसला होता. तो जोडणीतला दोष समजून मी सरळ करणार होतो. गोंद सुटेना, म्हणून राहिला.

दादाच्या प्रश्नातला पेच तसा जुनाच आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोंस पेनोने पीळदार रबरावरचे आपले छोटे विमान सुमारे ११ सेकंद उडवून दाखवले. विमानाने स्वतःच स्वतःला सावरावे, अशी त्याची घडण होती. पेनोच्याच कल्पनेवरचे एक रबरी खेळणे बालपणी राइट बंधूंच्या हाती आले. परंतु १९०३ साली त्यांनी उडवलेले यंत्र वैमानिकाला क्षणोक्षणी सावरावे लागे. एकाचा भरवसा घडणीवर, दुसऱ्यांचा हातावर.

पहिल्या दिवशी मोटर बंद केली की आमचे विमान सारखे उजवीकडे झुके. डावे सुकाणू देऊन देऊन मी त्याला सरळ ठेवत होतो आणि घामाघूम होत होतो. बाजूच्या कट्ट्यावर बसलेल्या दादापुढे ट्रान्समीटर धरला, तर त्याने तो घेतला नाही. "अरे, हात काढ," म्हणाला. मी दोन्ही अंगठे उचलले. विमान उजवीकडे कलले आणि रुंद, समतोल वर्तुळे घेत माळाच्या आतच उतरले.

"शेपूट मुद्दाम तिरकी बसवलीय," दादा म्हणाला. "सरळ गेलं असतं तर कालव्यापलीकडे शोधावं लागलं असतं."

गेली वीस वर्षे मी वर्गात कविता शिकवतो. तिच्यातल्या किती तिरकेपणांना दोष समजून मी विरुद्ध बाजूचे सुकाणू देत आलो असेन, याचा हिशेब त्या संध्याकाळी मनात सुरू झाला. तो अजून संपलेला नाही. आता मी मोटर विमान चढण्यापुरतीच चालवतो आणि उंची मिळाली की अंगठे उचलतो. वर्गात मात्र ते अजून जमत नाही.