एका बिंदूने नेलेले रान

वाचकहो, सोसायटीच्या कचेरीत आपण उभे असता आणि टेबलापलीकडे सचिव संगणकावर आपली नोंद करीत असतात. त्यांच्यापुढे स्क्रीनवर काय दिसते, याचा कधी विचार केला आहे का? तसल्या स्क्रीन तयार करणे हा माझा धंदा. मी शेतकऱ्याच्याच घरचा. तरी माझ्या हातून एक घोटाळा झाला, तो आज सांगतो.

एका गावच्या सोसायटीसाठी सभासदांच्या नोंदींची स्क्रीन केली होती. क्षेत्रासाठी एकच रकाना ठेवला, हेक्टरचा. घाईच्या दिवसांत एका मावशींचे क्षेत्र ०.४० ऐवजी ०.०४ पडले. स्क्रीनने मुकाट्याने ते घेतले. पीककर्ज क्षेत्रावर ठरते. मावशींना दहावा हिस्साच मंजूर झाला.

"लेकरा, माझं एक एकर रान. तुझ्या पेटीत चार गुंठे कसं झालं?" मावशींनी मला विचारले. पाऊस दारात आलेला. दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी बियाणे उधारीवर आणले.

चूक सचिवांच्या बोटाची खरी, पण खड्डा मी खणलेला! मग दोन दिवस सचिवांच्या शेजारी बसून राहिलो. तेव्हा उमगले. माणसे बोलतात एकर-गुंठ्यांत, सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये आणि मी मागत होतो बिंदूचा हिशेब. शिवाय 'जतन करा' आणि 'काढून टाका' ही बटणे एकमेकांना खेटून!

स्क्रीन बदलली. हेक्टर आणि आर यांचे रकाने वेगळे केले. आकडा भरताच खाली अक्षरी उमटते : 'चाळीस आर, म्हणजे सुमारे एक एकर'. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा सुमारे १०१, म्हणून हा मेळ सहज बसतो. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा आकडा वेगळा पडला, तर स्क्रीन थांबून विचारते. 'काढून टाका' हे बटण तर काढूनच टाकले. ही अक्कल जुन्या दप्तराने दिली. सातबाऱ्यावर जुने नाव पुसून टाकत नाहीत, कंसात ठेवतात. बदल का झाला, ते फेरफारात लिहितात. आता आमच्या स्क्रीनवरही जुना आकडा, बदलाची तारीख आणि कारण राहते.

आणखी एक केले. जतन करण्यापूर्वी सारी नोंद मोठ्या अक्षरांत दिसते, सभासदाला वाचून दाखवण्यासाठी.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कचेरीत गेलात की एवढेच म्हणा, "भाऊ, लिहिलेलं जरा वाचून दाखवा." नाव, गट नंबर, क्षेत्र कान देऊन ऐका. रान आपले, नाव आपले. मग विचारायला संकोच कसला?