कौल

आमच्या आज्याला देवानं एकदा 'नाय' सांगितलं. ते 'नाय' वस्तीनं छप्पन सालापर्यंत पाळलं.

डिसेंबर १९२७ ला आजा रोहे तालुक्यातल्या आमच्या गावाहून महाडच्या परिषदेला चालत गेला होता. आला तो पेटूनच. म्हणाला, आता गावच्या विहिरीवर जायचं. वस्तीतली जुनी माणसं म्हणाली, "आधी देवाला इचारू." तेव्हा तंटा असो, सोयरीक असो, देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. कळ्या लावणार गुरव. आमची माणसं बाहेर उन्हात. आतून आवाज आला, "डावी पडली!" आमच्यातल्या कुणी ती कळी पाहिली नाय.

आजा वस्तीचा पुढारी. पण देवापुढं कसला पुढारी! गप बसला.

छप्पन साली धर्म बदलला. आज्यानं देव्हाऱ्यातले टाक कुंडलिकेत सोडले. सोडताना एवढंच बोलला, "माजं डोकं मी गुरवाच्या हातात दिलं व्हतं."

पुढं पोटासाठी मी पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळली. मूर्ती पुरी होते, रंग चढतो, तरी ती आंधळीच असते. शेवटी जाणता कारागीर डोळ्यांची आखणी करतो. मग लोक तिच्यापुढं हात जोडून म्हणतात, मार्ग दाखव. मी मातीचे हात धूत बघत बसायचा.

श्रद्धेनं माणसं उभी राहतात, हे मी नाकारत नाय. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच, जन्म १९२०. देव माणसाच्या आत वसतो, या श्रद्धेवर त्यांनी स्वाध्याय परिवार उभा केला. कोळ्यांच्या 'मत्स्यगंधा' बोटी निघाल्या, त्यांचं उत्पन्न देवाचं मानलं गेलं. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझा सवाल दुसराच आहे. देवाचा निरोप सांगणारा चुकला, तर जाब कुणाला विचारायचा?

बाबासाहेबांना जाब विचारता येत होता. महाडला जायला पेणजवळचं धरमतर बंदर होतं. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर माणसं चालणार किती? म्हणून मुंबईहून पद्मावती बोटीनं ते दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. २६ डिसेंबरला सत्याग्रहाचा ठराव झाला, हजारोंनी नावं दिली. कोर्टाची मनाई आडवी होती. २७ ला बाबासाहेबांनीच उभं राहून सांगितलं, आज तळ्याला हात लावायचा नाय. किती जण हिरमुसले असतील! तळ्याभोवती मिरवणूक काढून माणसं परतली. पण हा निर्णय माझा नाय, वरचा आहे, असं ते म्हणाले नाहीत. १९३७ साली हायकोर्टातही आपली बाजू जिंकली.

हे सगळं मला पाठ. तरी वेळ आली तेव्हा मी काय केलं?

विहार कमिटीचा अध्यक्ष मी. विहाराचं छप्पर गळतं. एकानं स्लॅब घालून द्यायचं कबूल केलं, बदल्यात विहारापुढची जागा मागितली. निम्मी वस्ती हो, निम्मी नको. रात्रभर झोप नाय. सकाळी मी दोन चिठ्ठ्या केल्या, बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवल्या, आणि एका पोराला म्हटलं, "उचल."

आय दारात उभी. म्हणाली, "तुज्या आज्याला गुरव तरी व्हता. तू सोताच गुरव झालास क्या?"

कान तापले. चिठ्ठ्या मी फाडल्या. संध्याकाळी सभा घेतली, बायकाही बसल्या. त्या म्हणाल्या, पाण्याला जायची वाट त्या जागेतनंच जाते, ती दिली तर आम्ही जायचं कुठनं? मी जागा देण्याच्या बाजूनं होतो. इतके दिवस मला ही वाट दिसलीच नव्हती. हात मोजले. जागा द्यायची नाय, असं ठरलं. मी सही केली.

या पावसाळ्यातही छप्पर गळलं. वंदनेला बसलेली माणसं भिजली, वर बघत मला शिव्या घालत होती. मी तिथंच होतो, बादली धरून.